स्टीलच्या पातेल्यावर इंद्रधनुष्य कुठून येतं? उष्णता, ऑक्सिजन आणि एक न दिसणारा थर

मागच्या दिवाळीला पुण्याहून घरी, छत्रपती संभाजीनगरला आलो होतो. तीन दिवसांत स्टीलवरून झालेले दोन वाद बघितले.

पहिला घरातला. आईने नवीन पातेलं दूध तापवायला गॅसवर ठेवलं, तेवढ्यात तिचा फोन वाजला, अन् रिकामं पातेलं पाच-सात मिनिटं मोठ्या आचेवर तसंच तापत राहिलं. थंड झाल्यावर बघतो तर तळाला वलयं: बाहेर सोनेरी, मग जांभळं, मधोमध निळं. बहिणीने फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत निकाल आला. "डुप्लिकेट स्टील आहे." "केमिकल सुटतंय, वापरू नका." एका काकांनी तर चुंबक लावून अस्सल स्टील ओळखायचा व्हिडिओ फॉरवर्ड केला. आई दुसऱ्या दिवशी गुलमंडीत जाऊन दुकानदाराशी भांडायच्या तयारीत.

दुसरा वाद वाळूजचा. माझ्या मामांचं तिथे छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे. चार वेल्डर, दोन हेल्पर. एका खाद्यपदार्थांच्या कंपनीसाठी त्यांनी स्टेनलेस स्टीलची टाकी बनवून पाठवली होती. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ती परत आली. टाकी गळत नव्हती, मापं बरोबर होती, पत्राही सर्टिफिकेटवाला. रिमार्क एकच होता: आतल्या बाजूला वेल्डच्या शेजारी निळे पट्टे. पेमेंट अडकलं, अन् ऐन सणात पोरांचे पगार द्यायचे होते. मामा वैतागून म्हणाले, "इंजिनीअर साहेब, मला सांगा, रंग बघून टाकी नापास करतात का कुठं?"

आता गंमत बघा. दोन्हीकडे रंग तोच. पण पातेल्याच्या बाबतीत घाबरायचं काही कारण नव्हतं, अन् टाकीच्या बाबतीत कंपनीचं म्हणणं बरोबर होतं. असं कसं? मी कोड लिहिणारा माणूस, धातूंचा नाही. पण इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी मटेरियल सायन्स शिकलो होतो, पास होण्यापुरतं. या निमित्ताने ते परत नीट वाचलं. चला, तुम्हालाही सोप्या भाषेत सांगतो.

आधी हे बघू: स्टेनलेस स्टील गंजत का नाही?

साध्या लोखंडाला हवा आणि पाणी मिळालं की गंज चढतो. हा गंज भुसभुशीत असतो. तो पापुद्र्यासारखा निघतो, खालचं नवीन लोखंड उघडं पडतं आणि तेही गंजतं. हे थांबतच नाही.

लोखंडात किमान १०.५ टक्के क्रोमियम मिसळलं की चित्र बदलतं. क्रोमियमला ऑक्सिजनची ओढ लोखंडापेक्षा जास्त. हवा लागताच पृष्ठभागावरचं क्रोमियम ऑक्सिजनशी जोडलं जातं आणि क्रोमियम ऑक्साइडचा एक घट्ट, सलग, पारदर्शक थर तयार होतो. याला पॅसिव्ह थर म्हणतात. हा थर ऑक्सिजनला आणि पाण्याला खाली जाऊ देत नाही, म्हणून पुढचं गंजणं जवळपास थांबतं.

म्हणजे स्टेनलेस स्टीलचं ऑक्सिडेशन होत नाही, हा समज चुकीचा आहे. उलट त्याचं ऑक्सिडेशन पटकन आणि नीट होतं, म्हणूनच ते टिकतं.

हा थर किती जाड असतो? साधारण १ ते ३ नॅनोमीटर. तुमच्या मोबाईलवरचा टेम्पर्ड ग्लास ०.३ मिलिमीटरचा धरला, तर तो या थरापेक्षा लाखपटीहून जाड. पण स्टीलच्या स्क्रीनगार्डचा एक फायदा आपल्या स्क्रीनगार्डला नाही: ओरखडा पडला तर तो स्वतःच भरून येतो. खाली क्रोमियम आहे, वर हवा आहे, दोघं भेटले की नवीन थर तयार. घासणीने रोज भांडी घासतो तरी ती गंजत नाहीत ती यामुळेच.

फक्त एक अट. खाली पुरेसं क्रोमियम शिल्लक पाहिजे. ही अट लक्षात ठेवा, मामांची टाकी इथेच अडकली होती.

इतिहास दोन ओळींत सांगतो. जर्मनीत क्रुप कंपनीने १९१२ मध्ये क्रोमियम आणि निकेल असलेल्या स्टीलचं पेटंट घेतलं. इंग्लंडमध्ये शेफिल्डला हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या आतून झिजतात त्यावर उपाय शोधत होते. त्यांनी १९१३ मध्ये सुमारे १२.८ टक्के क्रोमियमचं स्टील बनवलं आणि ते गंजत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. आज सगळ्यात जास्त वापरलं जाणारं ३०४ ग्रेड क्रुपच्या घराण्यातलं. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, म्हणून डब्यावर किंवा पातेल्याच्या बुडाला १८/८ लिहिलेलं दिसतं.

मग इंद्रधनुष्य कुठून आलं?

रोजच्या तापमानाला हा थर दोन-तीन नॅनोमीटरवर थांबतो, कारण अणूंना त्याच्यातून आरपार जायला ताकद मिळत नाही. स्टील तापवलं की ती ताकद मिळते. आतून लोखंड आणि क्रोमियमचे अणू वर सरकतात, बाहेरून ऑक्सिजन खाली, आणि थर वाढायला लागतो. दहा नॅनोमीटर, वीस, पन्नास, त्याच्याही पुढे.

थर इतका वाढला की प्रकाश त्याच्याशी खेळायला लागतो. स्टीलवर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग थराच्या वरच्या बाजूवरून परत फिरतो. बाकीचा थरातून खाली जाऊन धातूवर आपटून परत येतो. दुसऱ्याला थोडं जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून तो थोडा मागे पडतो. दोन्ही लाटा एकत्र आल्या की काही रंग एकमेकांना मारतात, काही वाढवतात. पातळ थरात आधी निळा रंग मारला जातो, म्हणून आपल्याला पिवळट-सोनेरी दिसतं. थर वाढला की हिरवा मारला जातो, दिसतं जांभळं. आणखी वाढला की पिवळा-लाल मारला जातो, उरतो निळा.

साबणाच्या फुग्यावर किंवा पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर दिसतात ते रंग याच प्रकारचे. म्हणजे पातेल्यावर कुठलंही निळं केमिकल आलेलं नसतं. थर जवळजवळ पारदर्शक असतो, रंग फक्त त्याच्या जाडीचा. या रंगांना वर्कशॉपमध्ये हीट टिंट म्हणतात.

३०४ स्टील हवेत तापवलं तर रंग आणि तापमानाचा हिशोब साधारण असा बसतो:

- फिकट पिवळा: २९० अंश सेल्सिअस
- गव्हाच्या काडीसारखा पिवळा: ३४० अंश
- गडद पिवळा: ३७० अंश
- तपकिरी: ३९० अंश
- जांभळट तपकिरी: ४२० अंश
- गडद जांभळा: ४५० अंश
- निळा: ५४० अंश
- गडद निळा: ६०० अंश

हे आकडे अंदाज घेण्यापुरतेच. जास्त वेळ तापवलं तर कमी तापमानालाही पुढचा रंग येतो, कारण थराला वाढायला वेळ मिळतो. पण एक गोष्ट बघा: दूध किंवा पाणी उकळताना तळ एवढा तापूच शकत नाही, उकळतं पाणी त्याला १०० अंशांच्या आसपास धरून ठेवतं. इंद्रधनुष्य आलं म्हणजे भांडं बहुतेक रिकामं तापलं. आईचं पातेलं ठीक तसंच तापलं होतं.

बाईक असेल तर हा प्रयोग तुम्ही रोज करता. इंजिनातून निघणारा सायलेन्सरचा वाकडा पाइप काही महिन्यांत सोनेरी-निळा होतो. इंजिनाजवळ निळा, पुढे जाऊन पिवळा, मग चकचकीत. पाइप कुठे किती तापतो याचा तो नकाशाच असतो. पाइप स्टेनलेसचा असो की क्रोम केलेला, कारण तेच, वर वाढलेला ऑक्साइडचा थर. ज्या शहरात १९८५ पासून बजाजचा वाळूज कारखाना दुचाक्या बनवतोय, तिथल्या पोरांना निळा पाइप नवा नाही. फक्त तो का निळा होतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

रंगाच्या खाली काय बिघडतं?

आता मामांच्या टाकीकडे वळू. थर जाड झाला म्हणजे संरक्षण वाढायला पाहिजे, नाही का? मलाही आधी असंच वाटलं होतं. पण इथे जाडीपेक्षा थर कशाचा बनलाय याला महत्त्व आहे.

वेल्डिंग करताना स्टील वितळतं, म्हणजे १४०० अंशांच्या वर जातं. वितळलेल्या रेषेच्या शेजारची पट्टी वितळत नाही, पण भयंकर तापते. तिथे हवा मिळाली की दोन गोष्टी एकदम होतात.

पहिली: थर भराभर वाढतो, त्यात लोखंडाचं ऑक्साइडही मोठ्या प्रमाणात मिसळतं. तो मूळ थरासारखा घट्ट आणि सलग राहत नाही.

दुसरी, जास्त महत्त्वाची: हा थर बनवायला लागणारं क्रोमियम खालच्या धातूतूनच ओढलं जातं. खोलवरचं क्रोमियम तितक्या वेगाने वर येऊ शकत नाही. त्यामुळे निळ्या-काळ्या थराच्या लगेच खाली धातूची एक बारीक पट्टी तयार होते, जिच्यात क्रोमियम कमी झालेलं असतं. बाकी टाकीत १८ टक्के, पण या पट्टीत त्याहून कमी. स्वतःला दुरुस्त करायची स्टीलची ताकद तिथेच कमजोर होते.

आता या टाकीत मीठ असलेला पदार्थ भरा. मिठातला क्लोराइड हा स्टेनलेसचा जुना वैरी. तो सगळीकडे हल्ला करत नाही, कमजोर जागा शोधतो. एकदा बारीक खड्डा पडला की खड्ड्यातलं पाणी आम्लधर्मी होत जातं, त्यात थर परत बनत नाही आणि खड्डा आत आत वाढतो. वरून टाचणीच्या टोकाएवढा डाग, आतून पत्रा पोखरलेला. याला पिटिंग म्हणतात. म्हणजे टाकी आज गळत नव्हती, पण काही वर्षांनी गळायला त्या निळ्या पट्ट्यापासूनच सुरुवात झाली असती. कंपनीच्या क्वालिटीवाल्यांनी रंग बघितला नाही, रंगाने दिलेला इशारा वाचला.

मामांना हे सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे ती पट्टी तिथली ताकद उसनी घेऊन सजलीय."

यापेक्षा चांगली व्याख्या मला पुस्तकात सापडली नाही.

आणखी एक चोरी, जिचा रंगही दिसत नाही

क्रोमियम हरवायचा दुसरा रस्ता पृष्ठभागावर नसतो, स्टीलच्या आत असतो. स्टील बारीक बारीक दाण्यांचं बनलेलं असतं. साधारण ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात ते जास्त वेळ राहिलं तर त्यातला कार्बन दाण्यांच्या सीमांवर येतो आणि क्रोमियमला पकडून क्रोमियम कार्बाइड बनवतो. कार्बनचा एक छोटा अणू बरंच क्रोमियम अडकवतो. सीमेलगतची जागा क्रोमियमविना उरते, आणि पुढे गंज दाण्यांच्या फटींतून आत शिरतो. याला सेन्सिटायझेशन म्हणतात.

यावर उपाय तीन:

- कार्बनच कमी ठेवणं. ३०४ एल, ३१६ एल मधला एल याच्यासाठी. यात कार्बन जास्तीत जास्त ०.०३ टक्के असतो.
- कार्बनला दुसरा जोडीदार देणं. ३२१ ग्रेडमध्ये टायटॅनियम आणि ३४७ मध्ये नायोबियम घालतात. कार्बन त्यांच्याकडे जातो, क्रोमियम मोकळं राहतं.
- हीट ट्रीटमेंट. स्टील परत सुमारे १०५० अंशांपर्यंत तापवायचं म्हणजे कार्बाइड विरघळतात आणि क्रोमियम सगळीकडे समान पसरतं. मग झटकन थंड करायचं, म्हणजे मधल्या धोक्याच्या पट्ट्यात रेंगाळायला वेळच मिळत नाही. याला सोल्युशन अनीलिंग म्हणतात.

बघा, उष्णतेने बिघडलेलं उष्णतेनेच दुरुस्त झालं. फरक फक्त किती तापवलं, किती वेळ आणि कुठल्या हवेत, याचा.

टाकी कशी वाचली?

सुदैवाने मामांचा पत्रा ३०४ एल होता, म्हणून आतली चोरी झाली नसावी. प्रश्न पृष्ठभागाचा होता. करायचं काय तर निळा थर आणि त्याच्या खालची क्रोमियम कमी झालेली पट्टी, दोन्ही काढून टाकायची. नुसता रंग पुसून भागत नाही. मामांच्या एका वेल्डरने ग्राइंडरवर बफ मारून रंग घालवायचा प्रयत्न केला होता. दिसायला टाकी चकाचक झाली असती, पण कमजोर पट्टी तशीच राहिली असती. त्यात ग्राइंडरची चकती आधी साध्या लोखंडावर वापरलेली असेल तर लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि नंतर तिथून लाल ठिपके उमटतात.

बरोबर पद्धत दोन टप्प्यांची.

पहिला टप्पा पिकलिंग. नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाची पेस्ट वेल्डवर लावतात. ती ऑक्साइड आणि खालचा बिघडलेला धातू काही मायक्रोमीटरपर्यंत विरघळवते. मग भरपूर पाण्याने धुतात.

दुसरा टप्पा पॅसिव्हेशन. नायट्रिक किंवा सायट्रिक आम्लाने पृष्ठभागावरचं सुटं लोखंड काढतात. उरतं ते क्रोमियम जास्त असलेलं स्वच्छ स्टील, आणि हवेत त्याच्यावर नवा थर नीट बसतो. सायट्रिक आम्ल म्हणजे तेच, जे लिंबात असतं.

इथे थांबून एक गोष्ट नीट वाचा, विशेषतः तुमच्यापैकी कुणी किंवा घरचं कुणी अशा शेडमध्ये काम करत असेल तर. हायड्रोफ्लोरिक आम्ल साध्या ॲसिडसारखं नाही. कातडीवर पडलं तर सुरुवातीला फार दुखत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. पण ते आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं, आणि त्याने जीवही जाऊ शकतो. योग्य हातमोजे, चेहऱ्यावर शील्ड, हवेशीर जागा आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल नसेल तर त्या पेस्टचा डबा उघडू नका. अंगावर पडलंच तर लगेच पाण्याने धुवा, जेल लावा आणि दुखत नसलं तरी थेट दवाखाना गाठा. मामांनी हे काम शेडमध्ये करायचं टाळलं, सगळी व्यवस्था असलेल्या माणसाकडे दिलं. चार पैसे जास्त गेले, पण टाकी पास झाली.

पुढच्या वेळी रंग येऊच नये यासाठीही उपाय आहे. वेल्ड करताना आतल्या बाजूने आर्गॉन वायू सोडून हवा बाहेर ढकलायची. ऑक्सिजनच नाही तर थर वाढणार कशाचा? याला पर्जिंग म्हणतात. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचा डी१८.२ नावाचा एक रंगतक्ताही आहे. आर्गॉनमध्ये किती ऑक्सिजन उरला तर पाइपच्या आत कुठला रंग दिसतो, याचे फोटो त्यात असतात. म्हणजे मामांच्या प्रश्नाचं उत्तर, "होय, रंग बघून नापास करतात, आणि त्याचं मानकही आहे."

आपल्या शहराभोवती हे ज्ञान रोज कामाला येतं. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या एमआयडीसींमध्ये बिअरचे कारखाने आहेत, औषधांचे आहेत. बिअरच्या टाक्या आणि औषधांसाठीच्या शुद्ध पाण्याच्या लाइन्स स्टेनलेसच्याच. औषध कंपन्यांत ३१६ एल वापरतात. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते क्लोराइडच्या पिटिंगला आवर घालतं. तरीही गरम आणि अतिशुद्ध पाण्याच्या लाइनमध्ये काही काळाने आतून लालसर थर दिसायला लागतो. त्याला रूज म्हणतात. तो लोखंडाच्या ऑक्साइडचा असतो, आणि अशा लाइन्स वेळोवेळी साफ करून परत पॅसिव्हेट कराव्या लागतात.

तापवून मुद्दाम केलेले बदल

उष्णता दरवेळी शत्रू नसते. काही उदाहरणं:

- ब्राइट अनीलिंग: हायड्रोजनसारख्या वायूच्या भट्टीत स्टील तापवतात. ऑक्सिजन जवळपास नसल्याने ते आरशासारखं चकचकीतच बाहेर येतं.
- सुऱ्या आणि शस्त्रक्रियेची हत्यारं: ४२० सारखं जास्त कार्बनचं स्टील सुमारे १००० अंशांवर तापवून झटकन थंड केलं की कडक होतं, मग थोडं तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. म्हणून घरची सुरी गॅसवर लाल करू नका. धारही जाते आणि गंज पकडायची शक्यताही वाढते.
- रंगीत स्टील: क्रोमिक आणि सल्फ्युरिक आम्लात बुडवून स्टीलवर मोजून मापून जाडीचा थर वाढवतात. रंग नाही, डाय नाही, फक्त जाडीचा खेळ. काही इमारतींवरचे निळे-सोनेरी पत्रे असे बनतात.

आणि मोबाईल? आयफोन टेनपासून १४ प्रोपर्यंत, म्हणजे २०१७ ते २०२२, ॲपलच्या महागड्या मॉडेल्सची फ्रेम स्टेनलेस स्टीलची होती. २०२३ च्या १५ प्रोमध्ये तिची जागा टायटॅनियमने घेतली. त्या फ्रेमचा सोनेरी किंवा काळा रंग मात्र हीट टिंट नाही. निर्वात पेटीत कडक संयुगाचा बारीक थर वरून चढवतात, त्याला पीव्हीडी म्हणतात. म्हणून त्याला खोल ओरखडा पडला की खालचं पांढरं स्टील दिसतं. रंग परत येत नाही, पण तिथे गंजही चढत नाही, कारण उघड्या स्टीलवर पॅसिव्ह थर आपोआप बसतो.

चुंबकाचा व्हिडिओ खरा की खोटा?

अर्धवट खरा, म्हणून जास्त घातक. ३०४ सहसा चुंबकाला चिकटत नाही, हे बरोबर. पण:

- खिशातलं एक किंवा दोन रुपयांचं नाणं घ्या. ते चुंबकाला चिकटतं, तरी ते स्टेनलेस स्टीलच आहे, १७ टक्के क्रोमियमचं. या प्रकाराला फेरिटिक म्हणतात. इंडक्शनवर चालणाऱ्या भांड्यांच्या तळालाही मुद्दाम चुंबकाला धरणारं स्टील लावतात.
- ३०४ चा पत्रा दाबून खोल भांडं केलं की वाकलेल्या भागात तेही थोडं चुंबकीय होतं.
- उलट २०० सिरीजचं स्वस्त स्टील, ज्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, चुंबकाला चिकटत नाही. पण गंज थोपवण्यात ते सहसा ३०४ पेक्षा कमी पडतं.

म्हणजे चुंबकाच्या परीक्षेत चांगलं स्टील नापास आणि कमी दर्जाचं पास होऊ शकतं. त्यापेक्षा भांडं घेताना आयएसआय मार्क बघा. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांसाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये तो बंधनकारक केला आहे. आणि बिल जपून ठेवा.

घरी एवढं करा

१. इंद्रधनुष्य आलं तर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पाच-दहा मिनिटांनी घासा. पातळ थर निघून जातो. गडद निळा चिवट असतो, दोन-तीनदा करावं लागेल. नाही निघाला तरी भांडं वापरायला हरकत नाही.

२. पांढरट डाग हे बोअरच्या जड पाण्यातले क्षार. त्यांनाही लिंबू किंवा व्हिनेगर चालतं.

३. मीठ थंड पाण्यात टाकून तसंच ठेवू नका. तळाला बसलेल्या खड्यांखाली पिटिंग सुरू होतं. पाणी उकळल्यावर मीठ टाका आणि ढवळा. लोणचं, आमसुलाचं सार स्टीलमध्ये रात्रभर ठेवू नका, काचेच्या बरणीत ठेवा.

४. पाणी साठवताना जपा. आपल्याकडे जायकवाडीचं पाणी नळाला रोज येत नाही, त्यामुळे घरोघरी स्टीलची पिंपं भरून ठेवलेली असतात. त्यात ब्लीचिंग पावडर थेट टाकू नका. तळाला बसलेली पावडर थर पोखरते. पिंप धुतल्यावर कोरडं करा, हवा लागू द्या. थराला ऑक्सिजन हवा असतो.

५. लोखंडी तारेची घासणी टाळा. तिचे कण रुततात आणि गंजतात. लोकांना वाटतं स्टील गंजलं, गंजलेली असते घासणी.

थोडक्यात

स्टेनलेस स्टीलचं सगळं पुण्य त्या दोन-तीन नॅनोमीटरच्या थरात आहे, आणि त्या थराचं पुण्य खालच्या क्रोमियममध्ये. पातेल्यावरचा रंग म्हणजे थर थोडा वाढला. धातू चारशे-पाचशे अंशांवर काही मिनिटंच होता, खालचं क्रोमियम जवळपास शाबूत, आणि पातेलं रोज धुतलंही जातं. टाकीवरचा रंग म्हणजे थर वाढला आणि खालची पुंजीही खर्च झाली, वर आता वर्षानुवर्षं खारट पदार्थ सोसायचा. रंग एक, हिशोब वेगळा.

आईचं पातेलं अर्ध्या लिंबात साफ झालं. दुकानदार वाचला. मामांच्या शेडमध्ये आता आतून आर्गॉन सोडल्याशिवाय टाकीचं वेल्डिंग सुरू होत नाही, आणि पास झालेल्या वेल्डचा फोटो मला मुद्दाम व्हॉट्सॲपवर येतो. फोटोत चंदेरी रेष असते, शेजारी फार तर फिकट पिवळी झाक. खाली मामांचा एकच मेसेज: "बघ, उसनं काही नाही."

फॅमिली ग्रुपवर मी हेच सगळं चार ओळींत टाकलं होतं. काकांनी अंगठा दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी तोच चुंबकाचा व्हिडिओ परत फॉरवर्ड केला. त्याला कुठली हीट ट्रीटमेंट करायची, ते मात्र अजून सापडलेलं नाही.